किनाऱ्यावरचे बापूस

(गावच्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त पोस्टमननी केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवून केलेलं शब्दांकन.)

मंडळी, १९८२ साली मी पोस्टात लागलो आणि २०२० साली निवृत्त झालो. अडतीस वर्षं ह्या देवगड-मालवण पट्ट्यात टपाल वाटलं. आधी पायी, मग सायकलवर, शेवटी शेवटी स्कूटरवर. तुमच्यापैकी निम्म्या घरांची पायरी मी चढलेलो आहे.

तेव्हा आपली गावं मनीऑर्डरीवर चालायची. मुंबईहून गिरणीतले, बोटीवरचे, गोदीतले पैसे यायचे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, चार बोटं रुंदीचं. त्यावर दोन ओळी लिहायची सोय असायची. मी दारात गेलो की बाई आधी पैसे मोजत नसे. आधी कुपन मागायची. "भाऊ, वाचून दाखवा." मी वाचायचो. 'तब्येत बरी आहे. चतुर्थीला रजा मिळेल असे वाटते.' एवढंच असायचं. पण ती त्या दोन ओळी घेऊन विहिरीवर जायची, आणि संध्याकाळपर्यंत त्या अख्ख्या वाडीला पाठ व्हायच्या. कोणाचा नवरा कुठल्या बंदरात आहे, कोणाच्या मुलाला ताप आलाय, हे सगळ्या बायकांना माहीत असायचं. एकीचं पत्र आलं नाही तर दुसरी तिच्याकडे जाऊन बसायची. ह्या किनाऱ्यावर बायकांनी शेकडो वर्षं वाट पाहिलीय आणि ती एकत्र पाहिलीय.

बापूस मात्र पडवीत बसलेला असायचा. जाळ्याची गाठ मारत, नाहीतर सुपारी सोलत. मी वाचून झालं की तो मान वर न करता एवढंच विचारायचा, "बरो आसा मां?" मी हो म्हटलं की पुन्हा जाळ्यात बोटं. मला तेव्हा वाटायचं, कठीण काळजाचा माणूस. त्या पाठमोऱ्या बसण्यात काय होतं ते मला २०१३ साली कळलं, आणि आज मी त्याच्याबद्दलच बोलणार आहे.

आमचा धाकटा बारावी सायन्स झाला आणि नौदलात निवडला गेला. २०१३ चा ऑगस्ट. नाक्यावर फ्लेक्स लागला, त्याचा फोटो, खाली माझंही नाव. ग्रामपंचायतीने शाल-श्रीफळ दिलं. घरात त्याची आई आठवडाभर रडत होती आणि तिच्याजवळ रोज दोघी-तिघी येऊन बसत होत्या. माझ्याकडे जो येई तो हात मिळवायचा. "अभिनंदन, पोस्टमन!" त्यात खोटं काही नव्हतं. मलाही अभिमान होता, आजही आहे. पण अभिनंदनाला उत्तर म्हणून कोणी 'मला रात्री झोप येत नाही' असं सांगत नाही. ते सांगायची जागाच नव्हती.

नौसैनिकांचं सुरुवातीचं प्रशिक्षण आयएनएस चिल्का इथे होतं, ओडिशात, चिलिका सरोवराच्या काठी. मुंबईहून कोणार्क एक्सप्रेस धरायची, पुणे, सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम करत दोन रात्री काढायच्या आणि बालुगाव स्टेशनला उतरायचं. घरापासून दोनशे पावलांवर समुद्र, आणि पोर समुद्र शिकायला देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी त्याला दादरपर्यंत सोडायला गेलो होतो. डब्यात आणखी दोन मुलं होती, एक साताऱ्याकडचा, एक धुळ्याचा. दोघांनीही समुद्र कधी पाहिलेला नव्हता. त्यांचे वडीलही फलाटावर होते. आम्ही तिघं बाप एकमेकांशेजारी उभे राहिलो, गाडी गेली, आणि आम्ही एक शब्द न बोलता तीन दिशांना निघून गेलो. त्या दोघांचा फोन नंबर मी घेतला नाही, ह्याची चुटपुट मला अजून आहे.

त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील. १४ ऑगस्ट, नुकती मध्यरात्र उलटलेली. मुंबईच्या नौदल गोदीत सिंधुरक्षक ही पाणबुडी स्फोटाने बुडाली. आत अठरा जण होते. मी सकाळी पोस्टात गेलो, तिथे सगळे हेच बोलत होते. आमचा मुलगा पाणबुडीवर नव्हता, मुंबईत नव्हता, त्याने अजून जहाजावर पाऊलसुद्धा ठेवलेलं नव्हतं. हे मला पूर्ण माहीत होतं. तरी बॅग उचलताना माझे हात थरथरत होते. त्या दिवशी बीटवर प्रत्येक दारात मला विचारलं, "पोस्टमन, तुमचो झील खंय आसा?" मी प्रत्येक दारात सांगितलं, "तो तिकडे ओडिशात, सुरक्षित." रात्री बायकोने विचारलं, "परत आणूया का त्याला?" मी तिच्यावर ओरडलो. बारा वर्षं झाली त्याला. मी तिच्यावर का ओरडलो, हे मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं ते २०२३ मध्ये. तेच शब्द माझ्या तोंडात होते आणि ते तिने उच्चारले, म्हणून.

चिल्क्यात मुलांना फोन क्वचित मिळायचा. एके दिवशी सकाळी टपालाची बॅग सोडली, सॉर्टिंगला बसलो, आणि ढिगात एक पाकीट दिसलं. ओडिशाचा शिक्का. पत्ता वाचला तर माझंच नाव. मंडळी, हजारो पत्रं मी हाताळली असतील, पण स्वतःच्या नावाचं पत्र स्वतःच्या हाताने सॉर्ट करायची वेळ माझ्यावर तोपर्यंत कधी आलेली नव्हती. मी ते फोडलं नाही. माझ्या बीटच्या गठ्ठ्यात, आमच्या वाडीचा नंबर येतो तिथे, ओळीने लावलं. आधी दुसऱ्यांची पत्रं वाटली. कातळावरची वाट, मग खालची कोळीवाडी, मग देवळाकडची घरं. अडीच वाजता आमच्या घरी पोचलो, पायरीवर उभं राहून बायकोला हाक मारली आणि पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उघडून मला परत दिलं. म्हणाली, "वाचा." पहिली ओळ होती, 'बाबा, इथलं पाणीपण आपल्या खाडीसारखं खारट आहे.' पुढचं मला वाचता आलं नाही. मग तिनेच वाचलं.

पुढे तो जामनगरला वालसुरात गेला, तिथे नौदलाचं विजेच्या कामाचं शिक्षण असतं. मग जहाजावर. जहाजाचं नाव मी सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. जहाजावर पत्र पाठवायचं तर पत्ता असतो जहाजाचं नाव, आणि खाली 'द्वारा फ्लीट मेल ऑफिस', मुंबई किंवा विशाखापट्टणम. जहाज कुठेही असो, पत्र तिथे जाणार आणि जहाजाला जेव्हा मिळेल तेव्हा मिळणार. माझा सगळा जन्म पत्ता म्हणजे माणूस ह्या हिशोबात गेला. आता माझ्याच मुलाचा पत्ता असा, की ज्या गावाचं नाव लिहायचं त्या गावात तो असेलच असं नाही. हे पचायला मला वेळ लागला.

पहिल्या मोठ्या सेलिंगनंतर तो घरी आला तेव्हा सात-आठ किलो उतरला होता. विचारलं तर "काही नाही" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईकडून कळलं, त्याला बोट लागायची. सतत लागायची. चार दिवस बादली जवळ ठेवून ड्यूटी केली. माझ्यापासून ते लपवलं, कारण त्याचा आजा दर्यावर्दी, पणजा दर्यावर्दी, आणि ह्याला बोट लागते हे बापाला कसं सांगणार? मला कोणी आधी सांगितलं असतं की नव्या मुलांना हे होतंच, अनुभवी लोकांनाही खवळलेल्या समुद्रात होतं आणि बहुतेकांना हळूहळू सवय होते, तर मीच त्याला पहिल्या फोनला विचारलं असतं. विचारायला माणूस हवा होता. तो नव्हता.

आता २०२३ कडे येतो. त्या वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन आपल्याकडे झाला, तारकर्लीला, तुमच्यापैकी बरेच जण होतात. १९७१ साली ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळतात, आणि तो आपल्या सिंधुदुर्गासमोर साजरा झाला. महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला त्या किल्ल्याच्या शेजारी. लोटलेली गर्दी. डोक्यावरून विमानं गेली, नौदलाचे मार्कोस कमांडो उतरले, लोक टाळ्या वाजवत होते. माझ्या पुढे एक माणूस उभा होता, रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर काम करणारा, हातांवरून ओळखता येतं. तो विमानांकडे बघत नव्हता. सगळे वर बघत होते आणि तो एकटा समोर, क्षितिजावरच्या नौकांकडे बघत होता. डोळ्यांवर हात धरून एक एक नौका बघत होता. मी त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. विचारलं, "तुमचो खंय आसा?" तो म्हणाला, "म्हायत नाय. फोन लागना नाय सात दिस." आणि मग माझ्याकडे वळून, "तुमचो?" मी म्हटलं, "माका पण म्हायत नाय."

आम्ही दोघं हसलो नाही की रडलो नाही. तिथेच वाळूत बसलो. थोड्या वेळाने आणखी एक गृहस्थ, पेशाने माध्यमिक शिक्षक, आमचं बोलणं ऐकून खाली बसले. मग कुडाळकडचे एक आंबा बागायतदार. चौघांची मुलं नौदलात आणि चौघंही समोरच्या नौकांवर आपलं माणूस शोधत होतो. त्या संध्याकाळी समोरच्या एकाही नौकेवर चौघांपैकी कोणाचंही पोर नव्हतं, हे नंतर कळलं. पण अंधार पडल्यावर दूर नौकांवर दिवे लागले तेव्हा रापणकर म्हणाले, "कोणाचो तरी आसताच मां थंय." हे वाक्य मी विसरलो नाही. दुसऱ्याच्या मुलाकडे बघून आपला जीव थोडा शांत करायचा, हे विहिरीवरच्या बायका करत होत्या. आम्ही चौघांनी त्या वाळूत ते पहिल्यांदा केलं.

आज आम्ही सत्तावीस आहोत. नाव नाही, नोंदणी नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळाच्या सभामंडपात भेटतो, चहा कोणीतरी आणतं. रापण ओढायला जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो, तशीच आमची रीत रापणकरांनी घालून दिलीय.

आम्ही करतो काय, असं लोक विचारतात. पहिलं म्हणजे शब्द समजावून देतो. मुलगा फोनवर म्हणतो 'सेलिंग आहे', म्हणजे आता फोन लागणार नाही, घाबरू नका. 'हार्बरला आहे' म्हणजे जहाज बंदरात आहे, संध्याकाळी लावून बघा. 'रिफिट' म्हणाला तर देवाला नारळ द्या, जहाज दुरुस्तीला गोदीत जातंय, काही महिने तरी पोर जमिनीवर राहील आणि रजा मिळायची शक्यता वाढेल. रजा कागदावर चांगली असते, कायम नौसैनिकाला वर्षाला साठ दिवस वार्षिक आणि तीस दिवस नैमित्तिक, चार वर्षांच्या भरतीतल्या अग्निवीराला तीस दिवस. पण ती कधी मिळेल हे जहाज ठरवतं. गणपती किंवा शिमग्याची पालखी ठरवत नाही. चतुर्थीला तो आला नाही म्हणजे त्याला घरची ओढ राहिली नाही, असं समजून एका बापाने मुलाशी दोन महिने अबोला धरला होता. दोन महिने! मुलाचं जहाज तेव्हा एडनच्या आखातात गस्तीला होतं. २००८ पासून आपलं नौदल तिथे समुद्री चाच्यांविरुद्ध गस्त घालतंय. ज्या व्यापारी जहाजांना ते वाचवतं त्यांवर आपल्याच कोकणातले खलाशी असतात, हेही त्या बापाला माहीत नव्हतं. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते सभामंडपातून उठून बाहेर जाऊन उभे राहिले.

दुसरं फोनचं. २०१९ च्या डिसेंबरात हेरगिरीच्या प्रकरणात काही नौसैनिकांना अटक झाली आणि त्यानंतर नौदलाने युद्धनौकांवर, तळांवर, गोद्यांमध्ये स्मार्टफोन आणि फेसबुक बंद केलं. म्हणून पोराचा फोन लागत नाही. ह्यात आपलीही जबाबदारी आहे. आमच्यात एक नियम कडक आहे. जहाजाचं नाव, बंदराचं नाव, निघायची तारीख ह्यातलं काहीही ग्रुपवर लिहायचं नाही, स्टेटसला फोटो ठेवायचा नाही. मी मघाशी नाव सांगितलं नाही ते ह्यासाठी. सत्तावीस बापांना एकमेकांच्या मुलांचं जहाज माहीत नाही आणि त्याने आमचं काही अडलेलं नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ८ तारीख तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. ऑपरेशन सिंदूर सुरू होतं. रात्री काही वाहिन्यांनी बातमी लावली, की आपल्या नौदलाने कराची बंदरावर हल्ला केला. पडद्यावर आगीचे लोळ. मी एकटा जागा होतो. व्हॉट्सअपवर मुलाचं 'लास्ट सीन' उघडून बघत होतो, चार दिवसांपूर्वीचं. पाच मिनिटांनी पुन्हा बघायचो, ते बदलणार नाही हे ठाऊक असून. सव्वाबाराला रापणकरांचा फोन आला. "जागो आसंस?" म्हटलं आहे. "टीव्ही बंद कर. मीय करतंय." मग आम्ही दोघांनी बाकीच्यांना फोन केले. शिक्षकांनी लावला, बागायतदारांनी लावला. काय बोललो? काहीच नाही. कोणी जेवलाय का विचारलं, कोणी पाऊस आहे का विचारलं. पहाटे तीनपर्यंत हे चाललं होतं. ती बातमी खोटी होती, नंतर सिद्ध झालं. १० मेला शस्त्रसंधी झाली. माझ्या मुलाचा फोन त्यानंतर नऊ दिवसांनी आला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, आंबे काढून झाले?"

ज्यांनी त्या रात्री ती बातमी लावली त्यांना माझं एकच सांगणं आहे. पडद्यासमोर हजारो घरांत अशी माणसं बसलेली असतात, आणि त्यांना बातमी खरी की खोटी हे ताडून पाहायचा दुसरा मार्ग नसतो.

मरणाबद्दलही आम्ही बोलतो. आधी बोलत नव्हतो. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. दरवर्षी त्या तारखेला आम्ही जमतो आणि शिक्षक एवढी माहिती वाचून दाखवतात, बाकी कोणी भाषण करत नाही. पहिल्या वर्षी एक जण म्हणाले, हे अभद्र कशाला? तेच गृहस्थ पुढच्या वर्षी सगळ्यांच्या आधी आले. भीती प्रत्येकाच्या पोटात असतेच. ती चार जणांत बोलली की त्या रात्री झोप लागते, हा माझा अनुभव आहे.

आता एका बापाबद्दल थोडं सविस्तर सांगायचंय, कारण त्यांनी स्वतः तशी परवानगी दिलीय. त्यांची मुलगी अग्निवीर म्हणून गेली. अग्निवीरांची पहिली तुकडी चिल्क्याहून २८ मार्च २०२३ ला बाहेर पडली, सूर्यास्तानंतर संचलन झालं होतं आणि त्यात अडीचशेहून जास्त मुली होत्या. ही मुलगी नंतरच्या तुकडीतली. मुलाच्या बापाला गाव अभिनंदन तरी करतं. ह्यांना गावाने विचारलं, "चेडवाक कित्याक धाडलंस?" भाऊबंदांनी विचारलं, सोयऱ्यांनी विचारलं, तिचं लग्न कोण करणार हेही विचारलं. आणि घरात बायकोनेही बोलणं टाकलं होतं. हे गृहस्थ आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा खांबाला टेकून बसले आणि दोन तास काही बोलले नाहीत. निघताना म्हणाले, "पुढल्या रविवारी आसा?" आम्ही महिन्यातून एकदा भेटतो. पण त्या पुढच्या रविवारी आम्ही सगळे आलो.

त्याच सुमारास, २ ऑक्टोबर २०२४ ला, तारिणी ह्या शिडाच्या नौकेतून नौदलाच्या दोन महिला अधिकारी, दिलना आणि रूपा, दोघीच जणी, इथून जवळ गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. आठ महिन्यांनी, २९ मे २०२५ ला गोव्याला परतल्या. हे गृहस्थ त्यांची बातमी रोज पेपरात शोधायचे. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केपटाऊन. शाळेतला जुना नकाशा आणून त्यावर शिसपेन्सिलीने रेघ ओढायचे. एके दिवशी त्यांची बायको त्या नकाशाजवळ येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, "आपला चेडू ह्यात खंय आसा?" त्यांनी विशाखापट्टणमवर बोट ठेवलं. तिथून त्या घरात पुन्हा बोलणं सुरू झालं.

आणि एक बापूस असे आहेत ज्यांचा मुलगा परत आला. प्रशिक्षण सुरू असताना वैद्यकीय कारणाने त्याला घरी पाठवलं. फ्लेक्स अजून नाक्यावर होता. पोर ट्रंक घेऊन रात्रीच्या गाडीने उतरलं, दिवसा उतरायची हिंमत झाली नाही त्याला. बाप आठ दिवस घराबाहेर पडला नाही. आम्ही पाच जण गेलो. काय बोलावं कळत नव्हतं. रापणकरांनी त्या मुलाला विचारलं, "पाणी गोड आसा मां चिल्क्यात?" आणि तो मुलगा बोलायला लागला, तासभर बोलला. तिथलं पहाटेचं धावणं, पोहणं, मित्र, सगळं. त्याचा बाप दारात उभा राहून ऐकत होता. त्याने तोपर्यंत पोराला एकदाही काही विचारलं नव्हतं. हे गृहस्थ आजही आमच्या दर बैठकीला येतात. त्यांच्या मुलाने नौदल सोडलं, त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

अग्निवीरांच्या बापांसमोर आता मोठा प्रश्न उभा आहे, तो टाळून चालणार नाही. चार वर्षांची सेवा, त्यानंतर पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार निधीत जातात, तेवढेच सरकार घालतं आणि चार वर्षांनी व्याजासह साधारण ११.७१ लाख हातात येतात. २०२२ च्या शेवटी जी मुलं गेली त्यांची चार वर्षं ह्या २०२६ च्या अखेरीस भरतात. माझं प्रामाणिक मत सांगतो. एकवीस-बावीस वर्षांचं पोर शिस्त, कसब आणि गाठीला अकरा लाख घेऊन घरी येतंय ह्याला अपयश म्हणणारा माणूस मला मान्य नाही. पण घरात त्याच्याशी आत्तापासून बोला. आल्यावर त्या पैशांतून होडी घ्यायची, घर बांधायचं की शिकायचं, हे तो समुद्रावर असताना बापाने परस्पर ठरवू नये. असं ठरवून ठेवलेले दोघे आमच्यात आहेत, आणि आम्ही त्यांना स्पष्ट सांगितलंय.

कागदांचं थोडक्यात सांगतो. कायम सेवेतल्या मुलाच्या नोंदीत आईवडील अवलंबित म्हणून लागलेत का, ते विचारून घ्या. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर नौदलाच्या रुग्णालयात उपचार मिळतात, आपल्याला वास्कोचं जीवंती जवळ आहे, मोठ्या दुखण्याला मुंबईचं अश्विनी. आमच्यातल्या एकाने सहा वर्षं खासगीत पैसे भरले, कारण विचारायला कोणी नव्हतं. सामायिक सातबाऱ्यावर कोणी त्रास देत असेल, आणि आपल्याकडे तो प्रकार घरोघरी आहे, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज करता येतो. नौसैनिकांच्या पत्नींसाठी नौदलात संघटना आहे, ती चांगलं काम करते आणि हवीच. गावातल्या बापासाठी मात्र तसं कोणी नाही, त्याला आपणच एकमेकांना हवेत.

आणि कोणी फोन करून सांगितलं की तुमचा मुलगा ॲडमिट आहे, लगेच पैसे पाठवा, तर पैसे पाठवण्याआधी आमच्यापैकी कोणालाही, मध्यरात्री का असेना, फोन करा. गेल्या दिवाळीत एक बाप बँकेच्या दारातून ह्या एका फोनमुळे मागे फिरला.

आमच्या गावच्या जत्रेला गाऱ्हाणं घालतात. पूर्वी त्यात मुंबईच्या चाकरमान्यांचं नाव असायचं. दोन वर्षांपूर्वी गावकरांनी न सांगता एक ओळ घातली, "बा देवा म्हाराजा, जो कोण तुझो लेकरू दर्यात आसा, झील आसो नायतर चेडू आसो, तेका सांभाळ रे म्हाराजा." सगळ्या गावाने "व्हय म्हाराजा" म्हटलं. मुलीचे वडील माझ्या शेजारी उभे होते. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, एकटेच, ते पुन्हा एकदा म्हणाले.

बस. आता एक काम आहे. उद्या रात्री कणकवली स्टेशनवरून एक पोर चिल्क्याला जायला निघतंय, मुंबईला गाडी बदलणार. त्याचे वडील इथे तिसऱ्या रांगेत बसलेत. त्यांनी मला नाव घेऊ नका म्हणून सांगितलंय, मी घेत नाही. आम्ही सात वाजता देवळाकडून निघतोय, बागायतदारांची गाडी आहे. पोर गेल्यावर फलाटावर त्यांच्याबरोबर थोडा वेळ थांबायचंय. गाडीत अजून दोघांची जागा आहे.